सासऱ्यांच्या जीपला टर्बो

मी एकतीस वर्षं पाणी थंड करत होतो. हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं माझं माठाचं दुकान असावं, म्हणून खुलासा करतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी कूलिंग टॉवरच्या विभागात होतो. वीज तयार करणारे लोक वेगळे. त्यांचा रुबाब वेगळा, त्यांच्या कॅन्टीनच्या चहाला आलं जास्त. ते दिवसभर जे काही तापवून ठेवत, ते निवांतपणे थंड करायचं काम आमचं. आमचं कोणी नाव घेत नसे, आणि नाव घेतलं जात नाही म्हणजेच काम चोख चाललंय असं आम्ही समजायचो.

अशा माणसाची जीप गेल्या वर्षीच्या दसऱ्याला भर घाटात, अख्ख्या सासुरवाडीसमोर, उकळून बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि माझा मेहुणा रविराज आपल्या नव्याकोऱ्या उंच गाडीतून उतरून मला विचारत होता, "दाजी, तुम्ही एकलहऱ्याला नक्की कुठल्या डिपार्टमेंटला आहात?"

त्याहून वाईट म्हणजे गाडीत माझ्या सासूबाई होत्या. नवसाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्या आमच्याकडेच नाशिक रोडला राहतात आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, वणीच्या पुढे घाटावर असलेल्या आपल्या गावी देवीला सोनं वाहायला जातात. रविराजच्या गाडीचं पायदान त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्या दिवशी त्यांना आधी एका दगडावर बसवलं आणि मग चौघांनी उचलून कोथिंबिरीच्या टेम्पोत चढवलं. त्या टेम्पोतून, जुड्यांवर हात ठेवून, त्या वर गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जीप मुळात सासऱ्यांची. सहादूअण्णांनी तिच्यातून टोमॅटो वाहिले, नवरदेव वाहिले, एकदा एक म्हैसही वाहिली म्हणतात. जाताना त्यांनी शेत मुलाला दिलं आणि म्हणाले, "जीप आहेर जावयांना द्या. ते मशिनीतले हायेत." माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. तर यंदा आषाढात रविराज घरी आला आणि सोफ्यावर बसता बसता म्हणाला, "दाजी, जीपला भंगारात गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आईला एवढ्या हालात न्यायची गरज नाही. तिने आता इथूनच हात जोडावेत."

सासूबाई दाराशी बसून लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले, आणि मग पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी त्यांनी जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही. मला ते लागलं. मी रविराजला म्हणालो, "यंदाच्या दसऱ्याला ही जीप घाट चढेल. गाडीतलं एकही माणूस न उतरता. नाही चढली तर दुसऱ्या दिवशी तू तिला घेऊन जा."

"शब्द?" रविराज म्हणाला.

"शब्द," मी म्हणालो. आमची ही म्हणजे प्रतिभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी चहा घ्या आणि मग शब्द द्या." पण तोवर उशीर झाला होता.

निदान माझं मीच केलं. इंजिनात दम नाही. दम नाही म्हणून ते चढावर पहिल्या गिअरमध्ये रडतं, आणि रडतं म्हणून तापतं. जीप उकळली त्याच्या आदल्या वर्षी, अण्णांच्या वर्षश्राद्धाला, हीच जीप हाच घाट गुणगुणत चढली होती, हे मला आठवत होतं. पण एका वर्षात यंत्राचं वय बरंच वाढतं, माझंही त्याच वर्षात ढोपर दुखायला लागलं होतं, असं म्हणून मी तो विचार मिटवला. उपाय एकच, टर्बो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सायलेन्सरकडे चाललेल्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते, ती दुसरी भिंगरी फिरवते, आणि ती दुसरी इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबते. हवा जास्त, डिझेल जास्त, दम जास्त. समजायला सोपं आहे. बसवायला सोपं आहे असं मी म्हणालेलो नाही.

वडाळा नाक्यावर शौकतभाईंचं गॅरेज आहे. शौकतभाई अण्णांपासून या जीपचे डॉक्टर. माणूस कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते स्पॅनरकडे बघून बोलणारा. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, टर्बो बसेल. ह्याच इंजिनाच्या पुढच्या मॉडेलचा मिळून जाईल. पण त्याला जागा लागते. ती जागा पाण्याच्या पाइपची हाय. पाइप हलवला की पंखा हलवावा लागतो. पंखा हलला की रेडिएटर हलतो. रेडिएटर हलला की…"

"की?"

"मग बघू, इन्शाल्ला."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे नमस्कार करून घरी यावं. पण "पाणी", "पंखा" आणि "रेडिएटर" हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर माझ्यातला कूलिंगवाला जागा झाला. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत मला विचारले गेलेले तांत्रिक प्रश्न दोन: गॅस संपलाय का, आणि दूध नासलंय का. मी शौकतभाईंना सांगितलं, "टर्बो तुमचा, थंड करण्याची मांडणी माझी. काम आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू." शौकतभाईंचं गॅरेज शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे ते दर शुक्रवारी नमाज झाल्यावर येतील असं ठरलं. चौथ्या शुक्रवारी त्यांच्या घरून गुलजारबींचा फोन आला, "साहेब, एक शुक्रवार तरी आमच्याकडे राहू द्या त्यांना. पडदे लावायचेत." मी पुढचा शुक्रवार मंजूर केला. तसा मी माणुसकीचा आहे.

आता आमच्या केंद्रातली शिस्त अशी की परमिटशिवाय कोणी साधं झाकण उघडायचं नाही. काम काय, कोण करणार, किती वाजता सुरू, शिफ्ट इन्चार्जची सही. मी वहीला कार्बन लावून परमिटं तयार केली. शिफ्ट इन्चार्ज म्हणून प्रतिभाला नेमलं. पहिल्या परमिटवर, म्हणजे "रेडिएटर मोकळा करणे" यावर, तिने सही केली ती येताना कढीपत्ता आणायच्या अटीवर. दुसऱ्या परमिटपासून ती न वाचताच सही करू लागली. आमच्या केंद्रात असं एका साहेबांचंही होतं, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं.

रेडिएटर निघाला. पाइप निघाले. इंजिनावरचा जुना पंखा निघाला, त्याच्या जागी रेडिएटरच्या पुढे बसणारा विजेचा पंखा आणला. कोंबलेली हवा थंड करायला इंटरकूलर नावाची आणखी एक जाळी आली, ती रेडिएटरच्याही पुढे. त्यामुळे रेडिएटर आणि इंटरकूलर यांची जोडी मूळ जागेत मावेना. बॅटरी उचलली ती मागच्या सीटखाली गेली, म्हणजे सासूबाईंच्या खाली. हॉर्न उचलला त्याला कुठेच जागा मिळेना, म्हणून तो डॅशबोर्डच्या आत गेला. आता हॉर्न वाजवला की रस्त्यावरच्यांना जेमतेम ऐकू जातो, पण ड्रायव्हर दचकून बाजूला होतो. शेवटी कूलंटची प्लास्टिकची बाटली उरली. आठ दिवस मी ती बाटली हातात घेऊन इंजिनाभोवती फिरत होतो. नवव्या दिवशी प्रतिभा कचरा टाकायला खाली आली, आत डोकावली आणि म्हणाली, "इथे हॉर्न होता ना, तिथे ठेवा." बाटली तिथे बसली. मी तिला म्हणालो की माझ्या ड्रॉइंगमध्येही ती जागा विचाराधीन होती.

सल्ले येऊ लागले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुंदनराव नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. उभा जन्म गुप्ततेत गेल्यामुळे ते कोणतीही गोष्ट कानातच सांगतात. ते जवळ आले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कुजबुजले, "रेडिएटर मागे लावा."

"मागे कुठे?"

त्यांनी पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. "ते मी सांगू शकत नाही."

पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी त्यांचा माळ्यावरचा वाळ्याचा कूलर देऊ केला, कारण इंटरकूलर म्हणजे शेवटी कूलरच. एकाने टर्बोऐवजी गाडीचं तोंड पूर्वेला करून लावायला सांगितलं. प्रत्येक जण बॉनेटवर कोपर टेकवून किमान अर्धा तास उभा राहत असे, आणि जाताना "पण जुनी मांडणी चांगली होती" असं म्हणून जात असे. जुनी मांडणी यांपैकी कोणीही पाहिलेली नव्हती.

सल्ला न देणारी एकच व्यक्ती होती, नवसाबाई. त्या रोज खाली येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, हातात वाती वळत, आणि नुसतं बघत. कधी विचारलं, "काय म्हणता?" तर म्हणत, "तुमी करताय ते बरूबरच आसंल, जावईबापू." एवढ्या सल्लागारांच्या गर्दीत हा विश्वास पाहून माझं मन भरून यायचं. शेवटी जुन्या माणसांनाच तज्ज्ञ कळतो, असं मी प्रतिभाला म्हणालोही. ती नुसती आईकडे पाहत राहिली.

मांडणी झाल्यावर हवा नीट वाहते का हे बघायचं होतं. केंद्रात आम्ही हवेची दिशा धुरावर बघायचो. मी अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला आणि गाडीच्या जाळीसमोर धरला. पंखा सुरू केला. धूर आत जाण्याऐवजी माझ्या तोंडावर आला. मी जागा बदलली. धूर पुन्हा तोंडावर. मला वाटलं इंटरकूलरमुळे हवा उलटी फिरते, आणि त्यावर मी वहीत दीड पान लिहिलं. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या, चप्पल काढली आणि जीपला नमस्कार केला. त्यांचं बघून आणखी दोघींनी केला. एकीने नारळ आणला. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर हळद-कुंकू आणि तीन केळी होती. शुक्रवारी शौकतभाई आले, केळ्यांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, दोन वायरी अदलाबदल केल्या आणि म्हणाले, "साहेब, उलटा फिरत होता." मी ती दीड पानं अजून जपून ठेवली आहेत, कारण त्यातला विचार मुळात बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कुंदनरावांची नोटीस लागली: पार्किंगमध्ये होमहवन व धूर करू नये. नोटीस चार घड्या घालून, आतला मजकूर दिसणार नाही अशी लावली होती.

मग बॉनेट बंद होईना. जाळी पुढे गेली होती ना, तिच्यासाठी बंपर चार बोटं पुढे सरकवावा लागला. तेवढ्याने बॉनेट मिटलं, पण गाडी नोंदणीच्या पुस्तकातल्या मापापेक्षा चार बोटं लांब झाली. नेमकं तेव्हाच गाडीच्या कागदांचं नूतनीकरण आणि टर्बोची नोंद करायची होती. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण माझं पुढच्या खेपेचं कामही तिथेच असणार आहे. तिथल्या साहेबांनी स्वतः टेप धरला. मोजलं. पुस्तक पाहिलं. पुन्हा मोजलं.

"गाडी वाढलीय," ते म्हणाले.

"साहेब, चार बोटं."

"आमच्याकडे वाढीचा कॉलम नाही. पुस्तकात आहे तेवढी करून आणा."

"पुढून कमी करता येत नाही हो. तिथे रेडिएटर आहे."

साहेब सज्जन होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी कुठे पुढून म्हणालो?"

या वाक्यातली बुद्धिमत्ता लक्षात यायला मला पंचवटीपर्यंत यावं लागलं. जीपच्या मागच्या फाळक्यावर अण्णांनी दोन लोखंडी आकडे ठोकून घेतले होते, बरोबर चार बोटं बाहेर आलेले, आणि पुस्तकातल्या मापात धरलेले. कशासाठी, कोणास ठाऊक. टोमॅटोच्या क्रेटची दोरी अडकवायला असतील. शौकतभाईंनी त्यांचे नट खोलले, गाडी पुस्तकाएवढी झाली, साहेबांनी टेप लावून मान डोलावली आणि शिक्का मारला. आकडे मी भंगाराच्या बादलीत टाकणार तेवढ्यात सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "ते मला द्या." त्यांनी ते पदराने पुसले आणि आपल्या पिशवीत ठेवले. म्हाताऱ्या माणसांचा जुन्या वस्तूंवर जीव असतो.

नवमीला शौकतभाईंबरोबर त्र्यंबक रस्त्याला चाचणी घेतली. जीपने शिट्टी मारल्यासारखा आवाज केला आणि एक दुचाकी मागे टाकली. दुचाकीवर दोन पोती होती, पण मागे टाकली हे महत्त्वाचं. शौकतभाई पहिल्यांदाच हसले. मी डॅशबोर्डवर तापमानाचा नवा मोठा काटा बसवून घेतला होता, तो पंच्याऐंशीच्या पुढे हलला नाही.

दसऱ्याच्या सकाळी प्रतिभाचा चुलतभाऊ गोटीराम आला. तो मखमलाबादला झेंडूची शेती करतो. त्याने खास टर्बोच्या स्वागतासाठी माळ ओवून आणली होती, मनगटाएवढी जाड, मध्ये आंब्याची पानं, आणि इतकी लांब की एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत तिचे चार पदर बसले. प्रतिभाने जीपची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी सोसायटी टाळ्या वाजवायला हजर होती. जीप एवढी सुंदर अण्णांच्या काळातही दिसली नसेल.

सासूबाईंनी माळेकडे पाहिलं. "जावईबापू…" त्या म्हणाल्या.

"काय आई?"

त्यांनी सगळ्या लोकांकडे पाहिलं. "काय नाय. माळ लय दाट झालीया."

"शोभते पण!" मी म्हणालो.

निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी प्रतिभा मांडीवर लॉगबुक घेऊन, मागे बॅटरीवर सासूबाई. मागून रविराजची गाडी. त्याने निघतानाच मला त्याच्या डिकीतला नवा दोर दाखवला होता. केंद्रात आम्ही दर तासाला रीडिंग घ्यायचो, इथे दर पाच किलोमीटरला घ्यायचं ठरवलं. द्वारका, सत्याऐंशी. म्हसरूळ, एकोणनव्वद. दिंडोरीला ब्याण्णव. "आज ऊन आहे," मी म्हणालो. वणी मागे पडली तेव्हा सत्त्याण्णव. "लिहू?" प्रतिभाने विचारलं. "लिही. लपवाछपवी करायची नाही."

घाट लागला. टर्बो शिट्ट्या मारत होता, दम भरपूर होता, तिसऱ्या गिअरमध्ये जीप वळणं घेत होती. आणि काटा चढत होता. पहिलं वळण, एकशे एक. दुसरं, एकशे चार. मी मनातल्या मनात सगळे पाइप, सगळे क्लिप, सगळे नट तपासले. सगळं बरोबर होतं. तिसरं वळण, एकशे आठ. समोर तोच दगड दिसला ज्यावर गेल्या वर्षी सासूबाईंना बसवलं होतं. प्रतिभाने रीडिंग वाचायचं थांबवलं. आरशात रविराजची गाडी अगदी जवळ आली होती. एकशे बारा झाले, बॉनेटच्या फटीतून पहिली बारीक वाफ निघाली, आणि मी जीप बाजूला घेऊन थांबलो. इंजिन चालू होतं. मी हँडब्रेक ओढला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं. जीप गेली याचं नाही एवढं. मी एकतीस वर्षं जे केलं ते मला येत नव्हतं, असं वाटलं त्याचं.

रविराज दोर घेऊन उतरलाच. प्रतिभा दाराच्या कडीला हात लावणार तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रतिभे, तू उतरू नगं. जावईबापू, येक इचारू? रागावनार नाय ना?"

"विचारा."

"ती माळ तेवढी सोडून बघता?"

मी मागे वळून पाहिलं. मग पुढे पाहिलं. मग उतरलो. चार पदरांची, मनगटाएवढी जाड, आंब्याच्या पानांनी भरलेली माळ जाळीवर चपखल बसली होती आणि पंख्याने तिला आत ओढून घट्ट चिकटवलं होतं. तीन महिने मी ज्या हवेसाठी रेडिएटर, पंखा, बॅटरी, हॉर्न आणि बंपर हलवले, त्या हवेला आत जायला कुंदनरावांच्या नोटिशीएवढीही फट नव्हती. मी माळ सोडली. पंख्याने मोठा श्वास घेतला. जाळीत अडकलेल्या पाकळ्या मी प्रतिभाच्या केसांतल्या पिनेने एकेक काढल्या. रविराज दोर हातात घेऊन बघत राहिला. इंजिन तसंच चालू ठेवलं. एकशे दहा. एकशे तीन. पंच्याण्णव. प्रतिभा आता जोरात वाचत होती, लग्नात अक्षता टाकताना ओरडतात तसं. एकोणनव्वदला मी गिअर टाकला आणि जीप उरलेला घाट शिट्टी मारत चढली.

वर देवळापाशी रविराज म्हणाला, "पण दाजी, तुम्ही उतरला होता."

"ड्रायव्हर धरायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. त्याने दोर डिकीत ठेवला आणि आईचा हात धरून तिला पायऱ्यांपर्यंत नेलं. भंगाराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

देवीला सोनं वाहून झाल्यावर सासूबाई ओट्यावर बसल्या. मी शेजारी बसलो. मला एक गोष्ट टोचत होती. "आई, गेल्या वर्षी जीप उकळली तेव्हा…"

"तवाबी माळच व्हती," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या साली सुतकाचं वरीस, सण नव्हता, माळ नव्हती, तर गाडी चढली. हे कदी पुढं माळ बांधायचे नाय. म्हनायचे, तोंड बांधून कोन डोंगर चढंल? मागं बांधायचे, फाळक्याला."

म्हणजे टर्बोची गरजच नव्हती. रेडिएटरही जागच्या जागी बरा होता. मी बोटांवर महिने मोजले. "मग तीन महिने बोलला का नाहीत? रोज तर समोर बसत होता."

"जावयाला कसं सांगायचं? त्यात तुमी त्यातलेच." त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं. "आन् दुसरं म्हंजी, रिटायर झाल्यापून तुमी निस्ते खिडकीत बसायचा. जेवायलाबी नको म्हनायचा. हे काम निघालं तवा तुमाला जेवायला चार-चार हाका माराव्या लागायच्या. हात काळे, नाकाला तेल. म्हनलं, चालू दे. दसऱ्याच्या दिशी सांगू. पन सकाळी एवढी मानसं व्हती…"

मी ओट्यावरून खाली उतरलो. मी त्यांच्या पाया पडलो. जावयाने पडायचं नसतं, त्यांनी पाय मागे घेतले, पण गुडघ्यांमुळे त्यांना ते पुरेसं जमलं नाही.

मग त्यांनी पिशवी उघडली आणि कुंकवाच्या करंड्याखालून दोन लोखंडी आकडे काढून माझ्या हातात ठेवले. मी त्या साहेबांचा आणि त्यांच्या टेपचा क्षणभर विचार केला, आणि सोडून दिला. पाना जीपमध्ये होताच. पण शिस्त ती शिस्त. मी लॉगबुकचं पान फाडून परमिट लिहिलं. काम: माळ मागे बांधणे. करणार: आहेर. शिफ्ट इन्चार्जच्या रकान्यात बोट ठेवून मी ते पान सासूबाईंपुढे धरलं आणि म्हणालो, "अंगठा चालेल."

"अंगठा कशाला? सही येती मला," त्या म्हणाल्या. पेन घट्ट धरून, एकेक अक्षर थांबून थांबून, त्यांनी आपलं नाव लिहायला घेतलं. सही व्हायला बराच वेळ लागला. तोवर इंजिन पूर्ण थंड झालं होतं.